लागलं आणि घेतलं

'जतन करा' हे बटण दाबण्याआधी रऊफभाई हलकेच 'बिस्मिल्ला' म्हणत आणि दाबल्याबरोबर खुर्ची फिरवून संगणकाकडे पाठ करत. बुलढाण्याच्या आमच्या कार्यालयात नव्याने आलेल्या माणसाला हा प्रकार चमत्कारिक वाटे. कोणी विचारलेच तर ते सांगत, "ठेवलेल्या वस्तूकडं वळून पाहू नये. जतन म्हणजे अमानत. जशी ठेवली तशीच ती परत भेटते, एवढा भरवसा मानसाले पायजे. भरवसा नसंन तं ठेवूच नये." एवढे बोलून ते पुढच्या बातमीला हात घालत.

ते आमच्या दैनिकाच्या जिल्हा पानाचे प्रमुख होते. दैनिक पुण्याचे. बुलढाण्यात दोन खोल्यांचे कार्यालय, चार संगणक आणि एक पाण्याचा माठ. तालुक्यातालुक्यांतून वार्ताहरांच्या बातम्या येत, रऊफभाई त्या तपासत आणि संध्याकाळी पान पुण्याला जाई. माझे टेबल त्यांच्या शेजारी होते. अंगाने सडपातळ, पांढरा सदरा, चष्म्याची तुटलेली दांडी सुताने बांधलेली. नवी दांडी त्यांना परवडत नव्हती असे नाही. सुतावर त्यांचा विश्वास जास्त होता.

त्यांचे गाव धामणगाव बढे. वडील पिंजारी. गाद्या-रजया भरण्याआधी कापूस पिंजून देणे हा घरचा धंदा. गावच्या घरात पिंजण अजून भिंतीला टांगलेले होते. "बापानं कापूस पिंजला, मी मराठी पिंजतो," असे ते म्हणत. कापसातले पिवळे पडलेले, किडके पुंजके निवडून बाजूला काढतात, त्यांना कवडी म्हणतात. वार्ताहराच्या मजकुरातला वऱ्हाडी शब्द दिसला की रऊफभाई त्यावर बोट ठेवत आणि म्हणत, "ही कवडी काढा."

कवडी म्हणजे पऱ्हाटी, धुरा, डवरणी, इहीर. त्यांच्या जागी कपाशी, बांध, कोळपणी, विहीर. धामणगावच्या बाजूचा वार्ताहर गजानन याचे झेरॉक्सचे दुकान होते आणि तोंड मोठे होते. तो एकदा कार्यालयात येऊन भांडला.

"भाई, आमच्या गावात कपाशी कोनी पेरतच नाई. पऱ्हाटी पेरते."

"पेर ना बे पऱ्हाटी," रऊफभाई म्हणाले, "पन उगवली कपाशी पायजे."

सगळे हसले. गजाननही हसला, आणि पुढच्या बातमीत पुन्हा पऱ्हाटीच लिहिली.

या हट्टाच्या मागे एक जुनी गोष्ट होती. ती त्यांनी मला चहा पिताना एकदाच सांगितली. नोकरीला लागले तेव्हा त्यांना प्रशिक्षणासाठी पुण्याला बोलावले होते. तिथे त्यांनी उभे राहून काही विचारले. एक बाई कौतुकाने म्हणाल्या, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" रऊफभाईंनी आभार मानले आणि पुढच्या वाक्याला सुरुवात केली, "मले असं वाटते..." सगळी खोली हसली. त्या बाईसुद्धा हसल्या, पण प्रेमाने. "बाकीच्यांचं हसू मी तिथंच सोडून आलो," रऊफभाई म्हणाले. "त्या बाईचं सोबत आलं." तेव्हापासून त्यांचा नियम ठरला होता: बोला वऱ्हाडीत, लिहा मराठीत. आपल्या माणसांत ते स्वतः आयुष्यभर अस्सल वऱ्हाडी बोलले आणि त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही ओळीत 'मले' सापडले नाही.

मग संगणकावरची नवी व्यवस्था आली. आता बातमी थेट तिच्यात लिहायची, तिथेच तपासायची, तिथूनच ती पुण्याला आणि संकेतस्थळावर जायची. ती शिकवायला पुण्याहून नीलेश नावाचा तरुण आला होता. त्याने फळ्यावर खडूने बाण काढून समजावले: तुम्ही 'जतन करा' दाबता, त्या क्षणी आतमध्ये एक इव्हेंट येतो. तो आला की आपण सांगून ठेवलेली कामे आपोआप होतात. तारीख पडते, वार्ताहराचे नाव चढते, पुण्याला निरोप जातो.

"आमच्याकडं इव्हेंटवाले म्हणजे लग्नाचा मांडव घालणारे," रऊफभाई म्हणाले. "तुमचा इव्हेंट आणखी काय काय करू शकतो?"

"तुम्ही सांगाल ते, सर."

"शब्द बदलू शकतो?"

नीलेश म्हणाला, अगदी सोपे आहे. शब्दांच्या जोड्या द्या. डावीकडचा शब्द आढळला की जतन होताना त्याच्या जागी उजवीकडचा बसेल. रऊफभाईंनी त्या आठवड्यात जोड्या लिहून काढल्या. इतके खूश मी त्यांना क्वचितच पाहिले होते. "आता मी झोपलो तरी कवडी वेचल्या जाईन," ते म्हणाले.

पान लावणाऱ्या शोभाताई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाई, तुम्ही जतनाले अमानत म्हनता. अन् ठेवल्यावर आतल्या आत हात घालता. हे कसं जमते?"

"धोब्याकडं कपडे टाकतो ते मळकेच वापस पायजे काय, ताई? हे बदलनं नाई, धुनं हाय."

शोभाताईंनी मान हलवली. ती होकाराची नव्हती.

जोड्यांमधली एक जोडी औषधाची होती. ती समजून घ्यायला तो काळ समजून घ्यावा लागेल. बीटी बियाणे आले तेव्हा आता फवारणीची कटकट संपली, असे शेतकऱ्यांना सांगण्यात आले होते. काही वर्षे तसे झालेही. मग अळी बोंडाच्या आत राहू लागली. बाहेरून बोंड धडधाकट दिसे, फोडले की आत गुलाबी अळी आणि काळा पडलेला कापूस. त्या वर्षांत जिल्हा पानावर एक बातमी नेमाने येत असे. नाव बदले, गाव बदले, बाकीचा मजकूर तोच. वार्ताहर लिहीत, 'अमक्याने औषध घेतले.' आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. ते पिऊन जीव दिला, असा त्याचा अर्थ गावात पोरासोरांनाही कळतो. पुण्यात कळत नसे. औषध घेतल्याने मृत्यू झाला म्हणजे डॉक्टरची चूक झाली असे वाचकाला वाटते, अशी तक्रार तिकडून आली होती. म्हणून रऊफभाईंना तिथे 'विषप्राशन केले' हवे होते.

अडचण क्रियापदाची होती. कोणी 'घेतले' लिही, कोणी 'पेला', कोणी 'पिले', कोणी 'ढोसले'. नीलेशने फोनवर विचारले, "औषधाच्या पुढे काहीही आलं तरी बदलू का, सर?" रऊफभाईंनी विचार केला. शेतीच्या बातम्यांत 'औषध फवारले' येते, 'औषध मारले' येते, हे त्यांच्या लक्षात होते.

"फवारलं आणि मारलं, एवढं सोडा," ते म्हणाले. "बाकी सगळं बदला. आमच्या पानावर औषध म्हणजे दुसरं काय असणार?"

शेजारच्या टेबलावर मी हे वाक्य ऐकले. त्या वेळी त्यात वावगे काही वाटले नाही. ते खरेच होते.

यंत्राने पहिला घोळ धुऱ्याचा केला. वऱ्हाडात धुरा म्हणजे शेताचा बांध. पण एका पुढाऱ्याने पक्षाची धुरा सांभाळली आणि छापून आले, 'पक्षाची बांध त्यांनी खांद्यावर घेतली.' सकाळी त्यांच्या स्वीय सहायकाचा फोन आला, मग पुण्याच्या संपादकांचा आला. कार्यालयाचा माठ भरून होण्याच्या आत नीलेशने ती जोडी काढून टाकली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर चौकटीत दिलगिरी छापली गेली. रऊफभाई दोन दिवस स्वतःवरच हसत होते. "नेत्याच्या खांद्यावर बांध देल्ला मी. तेवढीच शेती त्याच्या हातून झाली."

त्याच हंगामात कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. अळीच्या धास्तीने लोक दोन-तीन औषधे एकात कालवून फवारत होते. उंच, दाट पिकात मजूर शिरे आणि फवारा वर धरी. वरून पडलेले तुषार त्याच्याच तोंडावर येत. उकाड्यात तोंडाला रुमाल राहत नसे. धामणगावजवळच्या एका शेतात रामदास नावाचा मजूर असाच फवारताना कोसळला आणि दवाखान्यात दगावला. गजाननने बातमी दिली: 'फवारणी करताना रामदास यांना औषध लागले.' गावात याला असेच म्हणतात. ऊन लागते, दृष्ट लागते, तसे औषध लागते. पिणारा ते घेतो. फवारणाऱ्याला ते लागते. रऊफभाईंनी बातमी वाचली, 'बिस्मिल्ला' म्हटले, बटण दाबले आणि खुर्ची फिरवली.

दुसऱ्या दिवशी छापून आले की रामदास यांनी शेतात विषप्राशन केले.

काही दिवसांनी रामदासची बायको सुनीता कार्यालयात आली. सोबत गजानन होता, पण तो दारातच थांबला. तेरवी व्हायची होती. आमच्याकडे तोवर विधवा बाई उंबरठा ओलांडत नाही. ती ओलांडून बसने आली होती. तिच्या हातात वर्तमानपत्राची घडी होती. ती तिला वाचता येत नव्हती.

"हे कोनं लिवलं?" तिने विचारले.

गजानन दारातून म्हणाला, "मी असं नोतं लिवलं, वहिनी. आईची आन."

"तू चूप बस. मी याईले इचारून राह्यली." ती रऊफभाईंकडे वळली. "दादा, माह्या नवऱ्यानं औषध घेतलं नाई. त्याले लागलं. मी भाकर घेऊन वावरात गेली होती, मी डोयानं पायलं. सासू म्हनते, तूच भांडली असशीन म्हनून पेला. ते म्हनू द्या, सासू हाय. पन आता पेपरात बी तेच आलं. वावरवाला हा कागद खिशात घालून फिरून राह्यला. म्हनते, पाहा, त्यानंच घेतलं, माह्या वावराचा काय दोष? पोलिसाले बी तोच दाखोला."

रऊफभाईंनी गजाननची मूळ बातमी उघडली. तिच्यात 'औषध लागले' असेच होते. त्यांनी ती ओळ पाहिली. मग छापलेला कागद पाहिला.

"ताई," ते म्हणाले, "हे माह्याकडून झालं."

"मंग तुमच्याकडूनच नीट करा. तेरवीले सारे सोयरे येतीन. त्याच्या आत करा." तिने घडी टेबलावर ठेवली. "एकच शब्द बदलाचा हाय ना?"

"हाव. एकच."

"मंग?"

तिने पाणीही घेतले नाही.

रऊफभाईंनी लगेच नीलेशला फोन लावला. नीलेश भला मुलगा होता. त्याने तिथल्या तिथे काम केले आणि सांगितले, "काढली, सर. तुमची औषधाची जोडी बंद केली." मग रऊफभाईंनी खुलासा लिहिला. दोनच वाक्यांचा. 'रामदास यांनी विषप्राशन केले नव्हते. फवारणी करताना त्यांना औषध लागले होते.' 'औषध लागले' हे वऱ्हाडी आहे, पुण्याला 'विषबाधा' लिहू या का, असे मी सुचवले. त्यांनी मान हलवली. "ती बाई वाचून घेईन कोनाकडून तरी. तिचा शब्द तिले भेटला पायजे." त्यांनी स्वतःच्या हाताने पानावर ठेवलेली ही पहिली कवडी.

त्यांनी 'बिस्मिल्ला' म्हटले आणि बटण दाबले. खुर्ची फिरवली नाही. जतन झालेला मजकूर पुन्हा उघडला आणि पडद्यावर बोट ठेवून वाचला. दोन्ही वाक्ये जशी लिहिली तशीच होती.

"भाई, आज पाठ नाई फिरवली?" शोभाताईंनी विचारले.

"आज नाई."

खुलासा लगेच लागला नाही. तो आठवडा त्याच पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा होता आणि जिल्हा पान शुभेच्छांच्या जाहिरातींनी भरले होते. रऊफभाई रोज पुण्याला फोन करत, आणि जागा झाली की लावू, असे उत्तर येई. अखेर जागा झाली. खुलासा बरोबर तेरवीच्या दिवशी सकाळी छापून आला:

'रामदास यांनी विषप्राशन केले नव्हते. फवारणी करताना त्यांनी विषप्राशन केले होते.'

कारण साधे होते, आणि नीलेशने ते नंतर खऱ्या खेदाने सांगितले. बातमी एकदा जतन होत नव्हती. बुलढाण्यात आम्ही जतन करायचो, पुण्यात पान लागताना ती पुन्हा जतन व्हायची. जतन झाले की इव्हेंट, इव्हेंट आला की जोड्या. त्याने बुलढाण्याची जोडी बंद केली होती. पुण्याची चालूच राहिली. तिथे मजकूर 'त्यांना विषप्राशन केले होते' असा झाला, आणि रात्रपाळीच्या मुद्रितशोधकाला त्यात व्याकरणाची चूक दिसली. पहिल्या बातमीत झाले होते तसेच त्याने 'त्यांना'चे 'त्यांनी' केले. दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध होती. दोन्ही शुद्ध होती.

रऊफभाईंनी अंक पाहिला, घडी केली आणि उठले. मी त्यांच्याबरोबर निघालो. मोताळ्यावरून बसने रामदासच्या गावात पोहोचलो तेव्हा पंगत बसली होती. शेताचा मालक स्वतः वाढणाऱ्यांवर लक्ष ठेवून होता. तेरवीचा किराणा त्यानेच भरून दिला होता. त्याने रऊफभाईंना ओळखले आणि आदराने पुढे आला. "या भाई. बसा, जेवून घ्या."

रऊफभाई बसले नाहीत. पंगतीच्या तोंडाशी उभे राहून ते बोलले. माणसांसमोर भाषण करायची वेळ आली की ते नेहमी शुद्ध लिखित मराठी बोलत. त्या दिवशी ते विसरले.

"लोकहो, रामदासले औषध लागलं होतं. त्यानं घेतलं नोतं. पेपरात आलं ते खोटं हाय. चुकी आमची हाय, त्याची नाई. त्याच्या बायकोची तं बिलकूल नाई."

पंगत थांबली. सुनीता आतल्या दाराशी होती. मालक शांतपणे म्हणाला, "भाई, पेपरात तुमीच लिवता ना?"

"हाव."

"मंग आता खोटं कोन? तुमी का तुमचा पेपर?"

पंगतीतला एक म्हातारा पोळीचा तुकडा मोडत म्हणाला, "अन् एकदा नाई, दोनदा आलं बाप्पा. एकदा मानूस चुकते. दोनदा थोडंच चुकते?"

कोणी हसले नाही. त्या म्हाताऱ्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. पत्रावळीवर पुन्हा वरण पडू लागले. दाराशी पाहिले तर सुनीता आत गेली होती. परतीच्या बसमध्ये मोताळा आल्यावर रऊफभाई म्हणाले, "लागलं हा शब्द माह्या मायचा हाय. मी लहान होतो तं ती म्हने, उन्हात नको जाऊ, ऊन लागीन. मले तो शब्द माईत होता, अनिल. मी त्याले यादीत सोडलाच नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन करून नवा खुलासा छापण्याची मागणी केली. संपादक सभ्य गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतले आणि सांगितले की खुलाशाचा खुलासा छापण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्याने वाचकांचा गोंधळ होतो. रऊफभाई म्हणाले, "धुऱ्याची दिलगिरी पहिल्या पानावर छापली होती, साहेब." उत्तर आले, "तो विषय वेगळा होता." मग सगळ्या जोड्याच बंद करा, असे त्यांनी म्हटले. तेही झाले नाही. इतर जिल्ह्यांच्या आवृत्त्यांना ती सोय आवडली होती. त्यांनी आपापल्या जोड्या त्यात भरल्या होत्या. रऊफभाईंचे धुणे आता सगळीकडे चालू होते. औषधाची जोडी तेवढी निघाली, असे कळवण्यात आले.

काही महिन्यांनी जिल्हा पान माझ्याकडे आले आणि रऊफभाईंकडे वाढदिवस व निधनाच्या जाहिराती गेल्या. त्याला शिक्षा असे कोणी म्हटले नाही. वार्ताहर आले की पूर्वी त्यांच्या टेबलाशी गर्दी होई. आता ते लांबून हात करत. गजानन मात्र मुद्दाम येऊन बसे आणि त्यांना चिडवायचा प्रयत्न करी. "भाई, पऱ्हाटी लिवली बरं का आज. काढा कवडी." रऊफभाई म्हणत, "राहू दे. पऱ्हाटीच हाय ते."

रामदासचा मृत्यू सरकारी कागदात आत्महत्या म्हणूनच राहिला. आमच्या दोन्ही अंकांची कात्रणे त्यात जोडलेली होती. शेतमालकाला काही झाले नाही. पुढच्या हंगामात त्याने दुसरे मजूर लावले. सुनीताला सासरच्यांनी ठेवले नाही. ती मोताळ्याजवळ माहेरी राहू लागली आणि मोताळ्याच्या आठवडी बाजारात भाजी घेऊन बसू लागली. रऊफभाई दर बाजाराला बसने तिकडे जाऊन तिच्याकडून भाजी घेत. मी कामानिमित्त त्यांच्याबरोबर दोनदा गेलो.

"काऊन येता दर बाजारी?" पहिल्या वेळी तिने माझ्यादेखत विचारले. "बुलढान्यात भाजी नाई भेटत काय?"

"भेटते. पन तिथं कोनी मले बोलत नाई."

"म्या बी कुठं बोलून राह्यली? भाव सांगून राह्यली."

ती मापात तोलून देई. बाजारात जुडी दिल्यावर वर चार पाने टाकायची रीत आहे. सुनीता ओळखीच्या, अनोळखी सगळ्या गिऱ्हाइकांच्या पिशवीत ती पाने टाकत असे. रऊफभाईंच्या पिशवीत तिने ती कधी टाकली नाहीत. त्यांनी कधी मागितलीही नाहीत. परत येताना ते एकदा म्हणाले, "बराबर करते. जेवढं हाय तेवढंच द्याचं. ज्यास्त नाई, कमी नाई. आम्हाले ते जमलं नाई."

'बिस्मिल्ला' त्यांनी सोडले नाही. पण जाहिरात असो की निधनाची ओळ, जतन केल्यावर ते ती पुन्हा उघडत, बोटाखाली घेऊन वाचत, आणि पुण्याहून पान तयार झाल्याचा निरोप येईपर्यंत खुर्चीवरून उठत नसत. शोभाताई डब्यातली चटणी त्यांच्यापुढे सरकवत आणि म्हणत, "भाई, घरी जा आता. वाढदिवसच तं हाय कोनाचा." ते म्हणत, "हाव, जातो." आणि बसून राहत. अमानत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकला नाही.

निवृत्त झाल्यावर ते फार जगले नाहीत. रक्तदाब होता, छातीत दुखत असे, डॉक्टरांनी औषधे दिली होती आणि ते ती वेळेवर घेत. तरीही एका सकाळी ते गेले. बुलढाण्यातल्या त्यांच्या घरासमोर ताडपत्री बांधली होती. पुरुष बाहेर खुर्च्यांवर बसले होते. गजानन दुकान बंद करून आला होता. मी भिंतीला टेकून मोबाइलवर निधनाची बातमी लिहीत होतो.

सुनीता बायकांच्या दाराने आत गेली आणि थोड्या वेळाने बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात बाजाराची रिकामी पिशवी. माझ्यापाशी येऊन थांबली.

"पेपरात देता काय?"

"हो. तेच लिहितोय."

"काय झालतं त्याईले?"

"हृदयाचा त्रास होता. बरीच वर्षं औषध घेत होते."

तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिले, नंतर माझ्याकडे.

"ते औषधाचं तेवढं लिवू नका, भाऊ."

मी ती ओळ काढली. बातमीत नाव, गाव आणि दफनविधीची वेळ एवढेच गेले.